एकाच लॉटच्या बारा बाटल्या : सोलापुरातल्या शिराजच्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

बारा बाटल्यांचा खोका काल संध्याकाळी घरी आला. शिराज ही लाल वाइन, २०२१ सालची, महाराष्ट्रातलीच, बुचाची. बाराही बाटल्यांवर एकच लॉट नंबर आहे हे दुकानातच खोका उघडून पाहिलं. टॉवेलच्या रंगखात्यात बावीस वर्षं काढली, ही सवय आता जायची नाही. दोन लॉटचे टॉवेल शेजारी ठेवले की शेडमध्ये फरक दिसतोच, आणि मग तो फरक रंगाईचा की सुताचा हे सांगता येत नाही. वाइन कुणाची ते या वहीत लिहिणार नाही. बाटल्यांचं पुढे जे होईल ते मी त्या कशा ठेवतो यावर ठरणार आहे.

मला बघायचंय ते एवढंच. शिराज ठेवली की बदलते, मवाळ होते, फळाचा वास मागे पडून दुसरे वास पुढे येतात असं सगळेच सांगतात. पण सांगणाऱ्यांच्या घरी बारा-पंधरा अंशांचं तळघर असतं. आमच्याकडे स्लॅबखालचा माळा आहे. सोलापुरातल्या साध्या घरात ही वाइन महिन्यागणिक कशी बदलते, आणि बूच काढल्यावर दिवसागणिक कशी बदलते, हे स्वतःच्या जिभेवर बघायचं.

तीन बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. तीन माळ्यावरच्या लोखंडी कपाटात, आडव्या. तीन मागच्या पडवीतल्या जुन्या रांजणात: आत वाळू, वाळूत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या तिरप्या पुरलेल्या, वरून ओलं गोणपाट. एक पुढच्या रविवारी उघडायची, म्हणजे मूळ चव नोंदवून ठेवता येईल. दोन शिल्लक, त्याही फ्रिजमध्ये. तिन्ही जागी कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारे छोटे थर्मामीटर ठेवले.

आईनं विचारलं, "रांजणात काय पुरतोयस रे?" सांगितलं. ती म्हणाली, "मग वाळू रोज भिजवायला लागेल की. पाणी कुठलं आणणार?" तिचं बरोबर आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते रांजणावर ओतणं मनाला पटत नाही. आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं ठरवलं. रोज तीन-चार तांबे लागतील, तेवढं निघतं.

१० मार्च

पहिली बाटली. पेल्यातलं तापमान १८ अंश. त्यासाठी बाटली बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवावी लागली. 'खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य ज्यांच्या खोलीत अठरा अंश असतात त्यांच्यासाठी आहे. मार्चमध्येच आमची बैठकीची खोली ३३ दाखवते, आणि तेवढ्यावर नाकात नुसती दारूची झळ येते, बाकी काही कळत नाही.

बूच निघाल्यावर आलेला पहिला वास मला पाठ आहे: सल्फर ब्लॅक या काळ्या रंगाची टाकी. सोडियम सल्फाइडवर कापड रंगवताना खात्यात जो उकडलेल्या अंड्यासारखा वास भरतो, तोच, फक्त फार बारीक. वाइन नासली असं वाटून मी खट्टू झालो होतो. पण नासकी वाइन अशी वागत नाही. किण्वन होताना यीस्टला नत्र कमी पडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि सिराह (शिराजच्या द्राक्षाचं फ्रेंच नाव) या द्राक्षात ही खोड जरा जास्तच. बाटलीत हवा नसते म्हणून तो वास आत कोंडलेला राहतो. वायरिंगच्या तांब्याच्या तारेचा एक तुकडा लख्ख घासला, एका पेल्यात बुडवून दोन मिनिटं हलवला आणि शेजारी बिनतारेचा पेला ठेवला. तारेच्या पेल्यातला वास जवळजवळ गेला, दुसऱ्यातला तसाच. गंधक तांब्याला चिकटतं. तो पेला मोरीत ओतला, कारण आंबट वस्तू तांब्यात ठेवून तोंडाला लावायची नाही. खात्री करायला एवढं पुरे झालं. दुसरा पेला नुसता तासभर उघडा ठेवला तर त्यातलाही वास उडाला आणि खालून जांभूळ वर आलं. व्हॅट जातीच्या रंगाच्या टाकीतून कापड बाहेर काढलं की हवेत त्याचा खरा रंग फुलतो, अगदी तसं.

मूळ नोंद: रंग गडद जांभळा, काठाशीही जांभळाच. जांभूळ, करवंद, थोडा लाकडाचा धूर. तुरटपणा भरपूर आणि खरबरीत. कच्च्या केळ्यानं जीभ आवळते तसा. आंबटपणा चांगला, तोंडाला पाणी सुटतं.

आणि मिरी. म्हणजे मला नव्हे, बायकोला. तिनं पेला नाकाशी नेला आणि लगेच म्हणाली, "अहो, ह्यात मिरी आहे की. पांढऱ्या रश्श्यात घालतात तशी." मी चार वेळा हुंगलं. काही नाही. सिराहमधल्या मिरीच्या वासाचं द्रव्य २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधलं. रोटंडोन. खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं आणि लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. त्याच कामात असंही आढळलं की पाचातल्या एकाला ते अजिबात कळत नाही. स्वयंपाकघरातून मिरी आणून कुटली तर मला तिखट वास नीट येतो. तो मिरीतल्या इतर तेलांचा असावा. म्हणजे त्या पाचातला एक मी. यापुढे मिरीचा रकाना बायकोचा आणि रंगाचा माझा.

उरलेली वाइन तीन स्वच्छ, उकळत्या पाण्यातून काढलेल्या क्वार्टरच्या छोट्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरली, हवेला जागा न ठेवता. एक परवा, एक गुरुवारी, एक पुढच्या रविवारी.

१७ मार्च

पहिल्या बाटलीचा आठवडा पुरा झाला. दुसऱ्या दिवशीचा पेला सगळ्यात चांगला लागला: गंधक गेलेलं, फळ पुढे, तुरटपणाची धार बोथट. चौथ्या दिवशी जवळपास तसाच. सातव्या दिवशी फळ पातळ, शेवटी सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसला वास. तोंड साफ करायला पाव आणला होता, त्याचा गोडवा आणि मीठ मध्ये येतं. त्याऐवजी ज्वारीची कडक भाकरी मोडून खाल्ली, बिनमिठाची. यापेक्षा चांगली वस्तू या कामाला दुसरी नसेल. शेंगा चटणी मात्र चाखण्याआधी ताटात घ्यायचीच नाही. लसूण आणि तिखटानंतर वाइनमधला अल्कोहोल जिभेला भाजतो.

टॉवेलच्या पांढऱ्या तुकड्यावर थेंब टाकून तारखेनिशी शेड कार्ड करायचा बेत होता. फसला. पहिल्या तुकड्यावर डाग निळसर-करडा झाला, कारण कापडात सोड्याचा अंश होता आणि द्राक्षाचा रंग आम्लात लाल, अल्कलीत निळा. मग ॲसेटिक ॲसिडच्या पाण्यातून काढलेला तुकडा घेतला. त्यावर रंग बरोबर उतरला, पण आठवड्यात तपकिरी झाला. सुतावर हा रंग कच्चा. आता पांढऱ्या बशीत दोन चमचे घेऊन, सकाळी दहा वाजता गच्चीवर उत्तरेच्या उजेडात बघायचं आणि फोटो काढायचा. खात्यातही शेड शेवटी त्याच उजेडात पास होते.

१४ एप्रिल

तापमान एवढंच लिहितो. माळा: कमाल ३७, किमान ३१. रांजण: कमाल २६, किमान २३. फ्रिजचा कप्पा: ७ ते १०. हवा इतकी कोरडी की गोणपाट दुपारी तीनपर्यंत वाळतं. दोनदा भिजवतोय.

नान्नजहून मामा आले होते. त्यांच्याकडे खाण्याच्या द्राक्षाची बाग, वाइनची नाही; खरड छाटणी नुकतीच उरकली. सोनाका वाण ज्या गावात निवडला गेला तिथले म्हटल्यावर द्राक्षावर ते अधिकारानं बोलतात. शिराजच्या मण्याचा फोटो दाखवला. म्हणाले, "एवढा बारीक मणी, जाड साल, वर बी. बाजारात कोण घेईल?" पण वाइनला हवी ती साल आणि बीच. रंग, तुरटपणा, मिरी, सगळं सालीच्या आसपास. बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त पडते.

१२ मे

माळा ३९ वर गेला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली ओततो, त्यामुळे माळ्यावरची रात्रसुद्धा ३४. बाटल्या बघायला चढलो तर एकीची टोपी फुगलेली. बोटानं दाबून पाहिलं: बूच काचेच्या काठाच्या वर दोनेक मिलिमीटर आलंय आणि टोपीखाली चिकट, काळपट लाल कड धरली आहे. वाइन तापली की फुगते. पंधरा-वीस अंशांनी ७५० मिलीत तीन-चार मिलीची वाढ होते, आणि बुचाखालची मोकळी जागा एवढीशीच. रात्री थोडी निवली की ती आकसते आणि त्याच वाटेनं हवा आत ओढते. हे रोज चाललंय. बाटली आहे तिथेच ठेवली. मधेच काढली तर हिशेब बिघडेल.

मतदानाच्या सुट्टीला जोडून चार दिवस सासुरवाडीला गेलो होतो, तेव्हा वाळू कोणी भिजवली नाही. रांजणाची कमाल त्या दिवसांत ३३ दिसते. चूक माझी. तिन्ही रांजण-बाटल्यांपुढे खूण केली.

२६ मे

पहिली फेरी, तिन्ही जागांची एकेक बाटली. तिन्ही बर्फाच्या पाण्यात घालून १८ वर आणल्या. ही गोष्ट कितीही कंटाळवाणी असली तरी टाळायची नाही. थंड पेल्यात तुरटपणा वाढलेला वाटतो आणि गरम पेल्यात अल्कोहोल, आणि मग बाटल्यांऐवजी तापमानाचीच परीक्षा होते.

गच्चीवर बशा मांडल्या. फ्रिज: मार्चसारखाच जांभळा. रांजण: जांभळा, काठाशी किंचित लाल. माळा: मधोमध लाल, काठाशी चक्क विटेचा रंग. बघून मला मनापासून आनंद झाला. कारण जुन्या वाइनच्या रंगाचं वर्णन असंच असतं, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. सालीतलं रंगद्रव्य आणि टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, बाटलीत हळूहळू एकमेकांत गुंततात; जांभळा जाऊन लाल, मग विटकरी येतो, आणि जड झालेला भाग तळाशी बसतो. नैसर्गिक रंगाईत आम्ही कापडाला आधी हिरड्याचं पाणी देतो, त्यातलं तुरट द्रव्यच पुढचा रंग धरून ठेवतं. बाटलीतही तुरट द्रव्यच रंगाला धरतं, आणि त्या नादात त्याची स्वतःची धार कमी होते. वहीत मी लिहून टाकलं: 'माळ्यावर अडीच महिन्यांत तीन-चार वर्षांचं काम झालं. माळा सर्वांत पुढे.'

मग पेले. बायको माळ्याच्या पेल्याशी थांबली, म्हणाली, "ह्यातलं फळ कुठं गेलं?" मी म्हटलं, जुनी झाली की फळ मागे जातंच. "मागं गेलं असतं तर मागं सापडलं असतं की. इथं नाहीच." आई पीत नाही, पण वास घेते. साठ वर्षं फोडण्या देणाऱ्या बाईचं नाक आहे ते. तिन्ही पेले न बोलता हुंगले आणि माळ्याचा पेला पुढे सरकवत म्हणाली, "हा बेदाणा झालाय रे. शेडवर उन्हात राहिलेला. आणि थोडा गुळाचा पाक." तिचं लहानपण नान्नजच्या बागेत गेलं. बेदाण्याची शेड ती डोळे मिटून ओळखेल.

मी वाद घातला. मिरी मात्र बायकोच्या म्हणण्याप्रमाणे तिन्ही पेल्यांत होती, माळ्याच्या पेल्यातही. बाकी सगळं बसलं तरी ती टिकलेली.

३० मे

पहिल्या फेरीतल्या, दोन दिवस आणि चार दिवस ठेवलेल्या क्वार्टर चाखून झाल्या. आता वाद उरला नाही. फ्रिजची बाटली दुसऱ्या दिवशी खुलली, चौथ्या दिवशी अजून छान. रांजणाची दुसऱ्या दिवशी सगळ्यात गोड वळणाची, चौथ्या दिवशी टिकून. माळ्याची दुसऱ्याच दिवशी सपाट: जुन्या चिंचेचा वास, मध्ये पोकळ, शेवटी कडवट. चौथ्या दिवशीची प्यायलोच नाही.

जी वाइन नीट वयात आली आहे ती हवेत निदान एक दिवस उभी राहायला हवी. हिची सगळी ताकद उन्हाळ्यानेच खाल्ली होती. २६ तारखेच्या नोंदीवर रेघ मारत नाही, बाजूला लिहितो: रंगावरून ठरवलं, चुकलं. बावीस वर्षं डोळ्यावर भाकरी खाल्ली, म्हणून डोळ्याचं आधी ऐकलं.

३० जून

पाऊस लागला आणि रांजणाचं काम थांबलं. हवा दमट असेल तर पाणी उडत नाही, पाणी उडालं नाही तर गारवा नाही. रांजण २८, पडवी २९. वाळूला कुबट वास यायला लागला, एका पिशवीत पाणी शिरून लेबलवर बुरशी. पिशव्या बदलल्या, वाळू भिजवणं बंद. मे महिन्यात रांजण बाहेरच्यापेक्षा बारा अंशांनी खाली होता. ज्या महिन्यात त्याची खरी गरज, त्याच महिन्यात तो खरं काम करतो. सोलापूरच्या हवेला दुसरं काय हवं.

माळाही उतरून ३१ वर आला. पण ज्या बाटल्या भाजायच्या त्या भाजून झाल्या.

२८ जुलै

दुसरी फेरी. पुढच्या रविवारी गटारी, घरात पाहुण्यांची गर्दी असेल आणि शांतपणे चाखणं होणार नाही. त्यानंतर श्रावण. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. या दिवसांत आमच्याकडे बाटली उघडत नाहीत, तेव्हा आता नाही तर थेट दिवाळीनंतर.

या वेळी डोळ्यांवर विसंबायचंच नाही असं ठरवलं. मामांना बोलावलं. तीन पेले, दोन एकाच बाटलीचे, एक दुसऱ्या. कोणता वेगळा ते सांगायचं. नुसता अंदाज मारला तरी तिनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून एका जोडीला सहा खेपा. पेल्यांच्या बुडाला मामांनी मार्करनं खुणा केल्या, दिवा मालवून पिवळा नाइट लॅम्प लावला म्हणजे रंग दिसू नये. थुंकायला शेजारी पातेलं. एवढे घोट गिळले तर चौथ्या खेपेपासून जीभ आणि डोकं दोन्ही कामातून जातात.

माळा विरुद्ध रांजण: सहापैकी सहा, मलाही आणि बायकोलाही. हुंगूनच कळतं, घोट घ्यायचीही गरज नाही.

फ्रिज विरुद्ध रांजण: माझे सहापैकी तीन, बायकोचे चार. माझ्या तिनात अंदाजाचा वाटा केवढा हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. वहीत लिहिताना माझ्या मनानं रांजणाला केव्हाच 'मऊ' म्हणून टाकलं होतं, पण अंधारात ते मऊपण सापडेना. जुलैअखेर फ्रिज आणि रांजण यांत खात्रीचा फरक नाही, अशी नोंद.

मामा कौतुकानं बघत होते. निघताना म्हणाले, "द्राक्षं डब्यात भरताना आम्ही असंच करतो बघ. एक मणी डोळे झाकून खायचा. डोळा लई फसवतो."

त्यांनीच अकलूजचा विषय काढला. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, वाइनच्या द्राक्षाची मोठी लागवड आहे. फ्रातेली ही कंपनी २००७ मध्ये तीन घरांच्या भावाभावांनी मिळून काढली, इटलीतले सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊच. मामांना एकदा ती बाग बघायची आहे. त्यांच्या मांडवावरच्या वेलींच्या मानानं तिथल्या ओळी ठेंगण्या, घड कमी, आणि तरी परवडतं, ते कसं हे त्यांना समजून घ्यायचंय.

१७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तिसरी आणि शेवटची फेरी.

फ्रिजच्या बाटलीच्या बुचाला आतून काहीतरी चमकत होतं. बूच उजेडात धरलं: जांभळ्या पृष्ठावर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे बारीक, लालसर स्फटिक, नखानं खरवडले तर करकर वाजणारे. काचेचा चुरा असेल म्हणून बायको घाबरली. एक कण जिभेवर ठेवला, नुसता आंबट. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थंडीत पोटॅशियमशी बांधलं जाऊन असं बसतं, त्यात अपाय काही नाही. आठ महिने भाजीच्या कप्प्यात राहिल्याची ती खूण.

चव: फ्रिजची बाटली मार्चमधून उचलून आणल्यासारखी. जांभूळ तेच, खरबरीतपणा तोच, पहिल्या मिनिटाचं गंधकसुद्धा तेच. आठ महिने तिच्यासाठी जणू गेलेच नाहीत.

रांजणाची बदलली आहे, आणि या वेळी अंधारातही. सहापैकी पाच. तुरटपणा उरलाय पण दाण्यासारखा टोचत नाही, सायीसारखा पसरतो. जांभळाबरोबर काळ्या मनुका, आणि मागे नव्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा वास. आईनं हुंगून मान हलवली आणि पेला परत हुंगायला घेतला. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. दुसऱ्या दिवशी तर ती इतकी चांगली लागली की तिसऱ्या दिवसाची क्वार्टर बायकोनं आदल्या रात्रीच उघडली. ती नोंद त्यामुळे कोरी.

माळ्याची: बूच ओढताच निम्मं तुटलं. विटकरी, गढूळ, भाजक्या गुळाचा वास, शेवटी व्हिनेगरची छटा. पातेल्यात गेली.

२२ डिसेंबर

पुण्याहून मेहुणा आला, येताना २०१३ ची क्रोझ-एर्मिताज घेऊन. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर टप्प्यातली, शंभर टक्के सिराह. मी गेले वर्षभर काय करतोय हे त्याला माहीत आहे, म्हणून. अकरा वर्षं नीट ठेवलेली बाटली शेजारी ठेवल्याशिवाय माझा माळा काय होता हे पुरतं कळणार नव्हतं. माळ्याच्या बाटलीचा मेमधल्या बशीचा जुना फोटो बाहेर काढला, त्याच्या शेजारी हिची बशी.

रंग जवळजवळ एकच! तोच विटकरी काठ, तीच मधली लाली. ग्रे स्केलवर (रंगातला फरक मोजायची पट्टी, पाच म्हणजे फरकच नाही) मी चार म्हटलं असतं, खात्यात हा लॉट पास झाला असता.

आणि तोंडात काहीही सारखं नाही. इथे फळ मागे गेलंय, पण मागे सापडतं: वाळलेलं जांभूळ, ऑलिव्ह, ओली माती, थंड झालेला चुलीचा धूर. आंबटपणा जिवंत, गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं आणि बराच वेळ सुटत राहतं. माळ्याच्या वाइनमध्ये आधी मेली ती हीच गोष्ट. बायको पहिल्याच श्वासाला म्हणाली, "मिरी! केवढी!" थंड जागी पिकलेल्या सिराहमध्ये ते द्रव्य जास्त भरतं, तेव्हा असणारच. मला अर्थात नाही. तिनं ते वर्णन करून सांगितलं, मी तिच्या शब्दांत लिहून घेतलं: "मिरी ताजी कुटलेली, पण तिखट नाही, गार."

जेवताना नावाचा विषय निघाला. आमच्या खात्यातले उस्ताद शिराज म्हटलं की इराणातल्या शिराजची, कवी हाफिजच्या गावाची गोष्ट सांगतात, वेल तिथूनच आली म्हणतात. गोष्ट सुंदर आहे, पण १९९८ मध्ये डीएनए तपासून निघालं की सिराहचे आईबाप ड्युरेझा आणि मोंदूझ ब्लांश, दोन्ही आग्नेय फ्रान्सचीच द्राक्षं. ऑस्ट्रेलियात गेल्यावर ते शिराज झालं आणि आपणही तेच नाव घेतलं. उस्तादांना सांगितलं तर म्हणाले, "वेल कुठली का असेना, नाव तर आमच्याकडचं लागलं."

२ फेब्रुवारी २०२५

शिल्लक दोन बाटल्या फ्रिजमध्ये जशाच्या तशा आहेत. नोव्हेंबरच्या फेरीवरून आता त्यांचं काय करायचं ते ठरलं. फ्रिज वाइनला थांबवून ठेवतो, रांजण तिला सावकाश चालवतो, आणि माळ्यावर यापुढे बाटली ठेवायची नाही. एक फ्रिजमध्येच राहील. दुसरी उन्हाळ्यापुरती, मार्च ते पाऊस लागेपर्यंत, रांजणात, आणि पुढे परत फ्रिजमध्ये. वाळूत बाटली पुरण्याऐवजी रांजणात उभं मडकं ठेवून दोन्हींच्या मधल्या फटीत वाळू भरायची, म्हणजे लेबलही कोरडं राहील आणि कुबट वासही लागणार नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत त्यासाठी मोठा रांजण बघून ठेवला होता, काल तो आणला. तीन रांजण टिचकी मारून पाहिले. दोन बद्द वाजले, हा खणखणीत. बाहेरून रंग लावलेला नको म्हणून मुद्दाम सांगितलं, रंगानं मातीची छिद्रं बुजतात. सध्या तो मोरीत पाण्यात भिजतोय आणि बारीक बुडबुडे सोडतोय. वाळू मामा नान्नजहून टेम्पोत टाकून देणार आहेत, शिवरात्रीच्या आधी.